शेवटच्या रात्रीची अडीच पानं

माझ्या पहिल्या अनुदान-प्रस्तावाला नकार आला, तेव्हा सोबत तीन परीक्षकांचे शेरे होते. पहिल्याने विषय आवडल्याचं लिहून चार शंका काढल्या होत्या. दुसऱ्याने बजेटवर बोट ठेवलं होतं. तिसऱ्याने संशोधनाला बरे गुण देऊन खाली एकच ओळ टाकली होती : ‘अध्यापनाचा भाग मागाहून चिकटवलेला दिसतो.’

राग आला, कारण ते खरं होतं.

पंधरा पानांची मर्यादा होती. त्यातली साडेबारा पानं संशोधनाची. त्यांच्यावर मी अडीच महिने घासले होते. एका आलेखाच्या अक्षांवरची अक्षरं केवढी असावीत यात एक अख्खी दुपार गेली होती. उरलेली अडीच पानं मुदतीच्या आदल्या रात्री अकरा ते एकच्या दरम्यान उरकली. एक नवा वैकल्पिक विषय, सुट्टीत दोन विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव, शाळकरी मुलांसाठी व्याख्यान आणि एक संकेतस्थळ. पुढे मी स्वतः परीक्षक म्हणून बसले तेव्हा हीच चार कलमं, बहुतेकदा याच क्रमाने, इतक्या प्रस्तावांत वाचली की सगळ्यांनी त्या रात्री एकमेकांचं बघून लिहिलं की काय असं वाटावं.

नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठीची अनुदानं एका साच्याची नसतात, हे मला तेव्हा उमगलंच नव्हतं. युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटला निकष एकच, वैज्ञानिक गुणवत्ता. तुम्ही वर्गात कसे शिकवता हा तिथे प्रश्नच नाही. याउलट अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं ‘करिअर’ अनुदान पाच वर्षांचं, आणि संशोधन व शिक्षण एकमेकांत गुंफलेलं हवं ही त्याची अटच आहे. तीनदा अर्ज करता येतो, चौथ्यांदा नाही. ‘कॉट्रेल स्कॉलर’ हा पुरस्कार १९९४ पासून रसायन, भौतिकी आणि खगोलशास्त्रातल्या तरुण प्राध्यापकांना दिला जातो. तोही शिक्षणाचा वेगळा आराखडा मागतो. मी अर्ज केला ती संस्था या दुसऱ्या पठडीतली. प्रस्ताव मात्र पहिल्या पठडीतला लिहून मी त्याला शेपूट जोडलं होतं.

(तसा दोष आपल्या एकट्याचा नाही. कित्येक विद्यापीठांत संशोधनाचं अनुदान मिळालं की पहिलं बक्षीस म्हणजे तास कमी होतात. शिकवण्यातून सुटका हेच बक्षीस असेल तर त्यावर अडीच पानं तरी मनापासून कोण लिहिणार?)

पुन्हा अर्ज करायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. विभागातल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने मग मला २०१८ सालचा एक अभ्यास वाचायला दिला. नेदरलंड्समधल्या तरुण संशोधकांपैकी जे अनुदान मिळण्याच्या गुणांच्या रेषेच्या जेमतेम वर होते आणि जे जेमतेम खाली, त्यांची पुढची आठ वर्षं त्यात तपासली होती. गुणांत फरक नावापुरता. पण वरच्यांनी खालच्यांपेक्षा दुपटीहून जास्त निधी मिळवला. त्याचं एक कारण अगदी साधं निघालं : खालच्यांनी पुढे अर्ज करणं कमी केलं. “म्हणजे तू आत्ता जे करते आहेस ना, तेच,” ती म्हणाली. यावर काय बोलणार?

त्याच सत्रात माझ्याकडे दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. लंबकावरून g, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढायचं. एका मुलाची वही तपासताना कागद एका जागी खरवडून पातळ झालेला दिसला. खाली नीटनेटकं उत्तर : ९.८१. पलीकडची मुलगी लंबक हलवायच्याही आधी विचारत होती, “मॅडम, उत्तर किती यायला हवं?” माझं संशोधन वाळू, काचेचे मणी असल्या दाणेदार पदार्थांच्या प्रवाहावर. तिथे उत्तर किती यायला हवं हे मलाही ठाऊक नसतं. ही दोन कामं एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर चालली होती आणि मी एकातून दुसऱ्यात जाताना फक्त किल्ल्या बदलत होते.

पुढच्या आठवड्यात लंबक बाजूला ठेवून मी नरसाळी दिली. पाणी भरलं तर पातळी उतरते तशी धार मंदावते. वाळूचं तसं होत नाही. अगदी तळाशी येईपर्यंत ती जवळपास त्याच वेगाने पडत राहते, म्हणून तर वाळूचं घड्याळ चालतं. का? जान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये दाखवलं की दाण्यांचा बराचसा भार भिंती पेलतात, त्यामुळे उंची वाढली तरी तळाचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही. बरीच पुस्तकं इथेच थांबतात. पण तळाचा दाब बदलूनही प्रवाह बदलत नाही असेही प्रयोग झालेले आहेत, तेव्हा प्रकरण एवढं सरळ नाही. भोक दाण्याच्या चार-पाच पट इतकं लहान केलं की दाण्यांची कमान होते आणि सगळं अडतं. कधी अडेल ते सांगता येत नाही. खरवडायला कुणाला उत्तरच मिळेना.

दुसऱ्या प्रस्तावात अध्यापनाची पानं मी आधी लिहिली. संकेतस्थळ नाही, व्याख्यान नाही. फक्त त्या प्रयोगशाळेतले सहा आठवडे, आणि मुलांनी घेतलेली अडण्याची मापं माझ्या संशोधनातल्या कोणत्या आलेखात जाणार ते. गंमत म्हणजे त्यामुळे संशोधनाची पानंही बदलली. शंभर जणांनी शेकडो वेळा नरसाळं अडवलं तर जी आकडेवारी हाती येते, ती माझ्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडून वर्षभरात झाली नसती. मूळ प्रश्नच मी त्या बेताने नव्याने मांडला.

घोडं अडलं ते बजेटात. अतिवेगवान कॅमेरा एकच, सकाळी मुलांना आणि संध्याकाळी आम्हाला. लेखा विभागातले गृहस्थ तक्त्यावर पेन टेकवून म्हणाले, “मॅडम, एकच वस्तू दोन हेडखाली कशी टाकणार? उपकरण की अध्यापन साहित्य, एक काय ते सांगा.” तीन खेपा झाल्या. शेवटी उपकरणांत टाकला आणि समर्थनाच्या रकान्यात बाकीचं लिहिलं. मागच्या वर्षी मी त्या रकान्यात ‘संशोधनासाठी आवश्यक’ एवढंच लिहून मोकळी झाले होते.

अनुदान मिळालं. पैसे उशिरा आले, कॅमेरा त्याहून उशिरा; तोवर सत्र संपलं होतं. मुलांनी आपापल्या फोनवर, सेकंदाला २४० फ्रेम घेत, सगळं चित्रित करून मोजूनही टाकलं होतं. मी खोका उघडत होते तेव्हा ती ‘उत्तर किती’वाली मुलगी दारात उभी होती.

“हा किती फ्रेम घेतो, मॅडम?”

मी आकडा सांगितला. तिने मनाशी काहीतरी हिशेब केला.

“मग कमान मोडतानाची आमची सगळी मापं परत घ्यावी लागतील,” ती म्हणाली, आणि पिशवी टेबलावर ठेवून नरसाळं शोधायला लागली.