एकदाच विचारणारे घर

वुर्त्सबुर्गच्या त्या घरात पहिल्या रात्री मी जवळजवळ उपाशीच झोपले आणि त्यात दोष कोणाचाही नव्हता. 2023 च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला विमानातून उतरून, पुढे तासाभराहून थोडा अधिक रेल्वेप्रवास करून मी त्या दारात पोहोचले, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि टेबल मांडलेले होते. त्यावर काळसर, जड पाव, तीन-चार प्रकारचे चीज, सॉसेजचे काप आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या होत्या. जर्मन घरात रात्रीचे जेवण बहुधा असे थंडच असते. घरच्या बाईंनी मला "आणखी पाव हवा का?" असे विचारले. नाशिकमध्ये वाढलेल्या कोणत्याही मुलीप्रमाणे मी "नको" म्हणाले, कारण पहिले "नको" ही केवळ रीत असते आणि खरे उत्तर तिसऱ्या वेळी द्यायचे असते. बाईंनी मान डोलावली आणि पावाची टोपली उचलून आत नेली.

एका सत्रासाठी विद्यार्थी म्हणून गेलेल्या मला वसतिगृहात खोली मिळाली नव्हती. पन्नाशी ओलांडलेले ते जोडपे, मुले शिक्षणासाठी दुसऱ्या शहरांत गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या खोलीत मला ठेवून घ्यायला तयार झाले होते. तिथे माझा प्रत्येक शब्द खरा धरला जात होता आणि याची सवय व्हायला मला दोन महिने लागले. मी मांस खात नाही हे एकदाच सांगितले होते. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी चीजची वेगळी पाटी आणि वेगळी सुरी ठेवलेली असे. माझ्या नाशिकच्या काही नातेवाइकांना हीच गोष्ट बारा वर्षे सांगूनही "रश्श्याचा थेंब तरी" चालेल असे वाटते, हे इथे नोंदवून ठेवते. पण त्याच आठवड्यात संकोचापोटी "मला सूप फारसे आवडत नाही" असेही मी बोलून गेले होते. मग ऑक्टोबरमध्ये लाल भोपळ्याचे सूप होऊ लागले, त्याच्या वासाने जिन्यापर्यंत भूक लागे, आणि माझ्यासमोर मात्र निमूटपणे पाव येई. शेवटी तीन आठवड्यांनी मी धीर करून सूप मागितले, तेव्हा बाई खरोखरच गोंधळल्या. "मग तेव्हा नाही का म्हणालीस?" या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या जर्मन भाषेत नव्हते. मराठीतही ते सोपे गेले नसते.

दुसरी अडचण संबोधनाची होती. जर्मनमध्ये "झी" म्हणजे आपले अहो-जाहो आणि "डू" म्हणजे अरे-तुरे. मोठ्या माणसाने आपण होऊन परवानगी दिल्याशिवाय लहानाने "डू" म्हणायचे नसते. बाईंनी ती पहिल्याच संध्याकाळी दिली आणि नावाने हाक मारायलाही सांगितले. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे मला काही केल्या जमेना, म्हणून कितीतरी दिवस मी त्या माझ्याकडे पाहीपर्यंत थांबून मगच बोलत असे. "डू"चा प्रश्न मात्र एका सकाळी अचानक सुटला. आपण आईला "तू"च म्हणतो की! तेव्हापासून तो शब्द जिभेवर अडखळला नाही. नावाची हाक मात्र अखेरपर्यंत थोडी पुटपुटतच मारली.

घराचे नियम पुष्कळ होते, पण ते अंगवळणी पडले. कडाक्याच्या थंडीतही हीटर बंद करून पाच मिनिटे खिडक्या सताड उघडायच्या, कागद, ओला कचरा आणि वेष्टने वेगवेगळ्या डब्यांत टाकायची. रिकाम्या बाटल्या रंगानुसार कोपऱ्यावरच्या टाकीत टाकायच्या, पण रविवारी नाही, कारण काचेच्या आवाजाने शेजाऱ्यांची शांतता मोडते. हे मला एका रविवारी शेजारच्या आजोबांकडून सविस्तर कळले.

मला वाटले होते की या लोकांना आग्रह ठाऊकच नाही. हा समज द्राक्षांनी मोडला. वुर्त्सबुर्गच्या रेल्वे स्थानकासमोरच द्राक्षमळ्यांची टेकडी उभी आहे आणि घरच्या काकांच्या भावाचा जवळच एका उतारावर लहानसा मळा होता. एका शनिवारी मी तोडणीला गेले. तिथे वेली तारांवर उभ्या बांधलेल्या असतात, त्यामुळे उतारावर पाय रोवून, वाकून घड कापावे लागतात. दिंडोरीजवळच्या आमच्या बागेत मंडप असतो आणि घडांसाठी हात वर करावे लागतात, हे मी सहज सांगितले. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर प्रश्न थांबेनात. वर्षातून दोनदा छाटणी कशासाठी? मी सांगितले की तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, आमच्याकडच्या उबेत ती झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ धरायचे आणि साधारण चार महिन्यांनी घड उतरवायचे. मग थंडीचे काय? जानेवारीत निफाडकडे पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, असे मी म्हणताच काका उठून उभेच राहिले. त्यांच्याकडेही एप्रिलच्या हिमकडाक्यात वेलीचे कोवळे कोंब वाचवायला रात्री बागेत आगी लावतात. माझे व्याकरण चुकत होते, शब्द सापडत नव्हते, मी दोनदा "आता पुरे" म्हणाले, तरी त्यांनी कागद आणि पेन्सिल पुढे सरकवून मंडप काढूनच घेतला. पाव एकदाच विचारणारी ती माणसे त्या रात्री साडेअकरापर्यंत मला सोडायला तयार नव्हती.

येत्या फेब्रुवारीत ते दोघे नाशिकला येत आहेत. काकांना मंडपाखाली उभे राहायचे आहे आणि बाईंना गोदाघाट पाहायचा आहे. आईने आतापासूनच पुरणपोळीचा बेत ठरवला आहे. मी तिला बजावून सांगितले की त्यांना एकदाच विचार आणि नको म्हणाले तर वाढू नकोस. आई कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, "असं कसं? दारी आलेल्या माणसाला एकदाच विचारायचं?"