तुम्ही विचारलंत म्हणून : किती जणांना बाहेर काढलंत?

सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. "काका, तुम्ही कोर्टात बेलिफ होता ना? मग किती जणांना बाहेर काढलंत?"

चूक माझीच आहे. 2017 साली लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलो. लेक-जावई कामावर, नात शाळेत. बाहेर बर्फ नाहीतर शुकशुकाट. मग दुपारी टीव्ही. तिथं 'जज ज्युडी' हा टीव्हीवरच्या कोर्टाचा कार्यक्रम सापडला आणि त्यातल्या न्यायाधीशबाईंचा मी भक्त झालो. परत आल्यावर कट्ट्यावर त्या गोष्टी इतक्या रंगवून सांगितल्या की आता लोक मला मोबाइलवर तुकडे पाठवतात. एखादा उर्मट पोरगा मध्येच बोलतो, लेसची कॉलर लावलेली बाई दाराकडे हात करते, गणवेशातला माणूस दोन पावलं पुढे येतो आणि पोरगा बाहेर. खाली हसणारी चित्रं. आणि मग तो प्रश्न.

कोर्टाबाहेर मी एकालाही काढलेलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही नाही.

मुळात शब्दाचा घोळ आहे. त्यांचा बेलिफ दिवसभर कोर्टाच्या खोलीत उभा असतो. आमचा बेलिफ कोर्टात कमी आणि एसटीत जास्त. सकाळी नाझरसाहेबांकडून, म्हणजे बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या कोर्टातल्या अधिकाऱ्याकडून, समन्स-नोटिसांचा गठ्ठा घ्यायचा आणि गावं फिरायची. माणूस भेटला तर सही, नाही भेटला तर दोन पंच गाठून दारावर नोटीस डकवायची, संध्याकाळी अहवाल लिहायचा. खोलीतली शांतता राखायला शिपाई असतो, फौजदारी कोर्टात ड्यूटीवरचा पोलिस असतो. माझा तिथं संबंध शपथपत्रापुरता.

त्यामुळे टीव्हीवरच्या त्या बेलिफचं मला फार अप्रूप वाटलं. त्याचं नाव पेट्री हॉकिन्स बर्ड. हा नट नव्हे. ज्युडिथ शेंडलिन, म्हणजेच जज ज्युडी, मॅनहॅटनच्या कौटुंबिक न्यायालयात खऱ्याखुऱ्या न्यायाधीश होत्या, तेव्हा हा तिथं खराखुरा कोर्ट ऑफिसर होता. त्यांना 1982 साली न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी नेमलं होतं. 1996 मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि त्याच सप्टेंबरात कार्यक्रम सुरू झाला. बर्डला ते कळलं तेव्हा तो कॅलिफोर्नियात होता. त्यानं अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि वर लिहिलं की बेलिफ लागलाच तर सांगा, मला गणवेश अजून शोभतो. नोकरी मिळाली आणि 25 वर्षं टिकली. एवढी तीव्र स्मरणशक्ती असलेले साहेब मला भेटले असते तर मीही पत्र लिहिलं असतं.

बर्डची कामं म्हणजे वादी-प्रतिवादींना पुकारायचं, कागद इकडून तिकडे न्यायचे, मधल्या वेळात हातातलं शब्दकोडं सोडवायचं आणि बाईंनी नुसतं "बर्ड" म्हटलं की दारापाशी जायचं. मी पाहिलेल्या भागांत त्याला कुणाला हात लावावा लागला नाही. तो नुसता जवळ येऊन उभा राहायचा. आमच्याकडे जप्तीला जाताना मागे दोन हवालदार असले की जो परिणाम होतो, तोच.

कुणाकुणाला बाहेर काढलं जायचं? बाई बोलत असताना बोलणाऱ्याला, हे पहिलं. मग उत्तर देताना तोंड वाकडं करणाऱ्याला. साक्षीदार म्हणून आलेल्या आणि मागून पुटपुटणाऱ्या आईला. प्रेक्षकांत बसून मान डोलावणाऱ्यालाही. च्युइंगगम, खिशातले हात आणि 'अं…' यांवर त्यांचा विशेष राग. 'अं' हे उत्तर नव्हे, हे त्यांनी इतक्या वेळा बजावलं की माझी नात घरात तेच म्हणायला लागली. आधी समज, मग चढा आवाज, मग दार. ज्याला बाहेर घातलं त्याच्या विरुद्ध निकाल किंवा त्याचा दावाच काढून टाकलेला, आणि हे सगळं दहा मिनिटांत. आमच्याकडे दहा मिनिटांत वकीलपत्रावरचा स्टॅम्प चिकटत नाही.

(एकदा कुत्रं कुणाचं यावर दावा होता. बाईंनी सांगितलं, कुत्रं खाली सोडा. ते सुटलं आणि धावत जाऊन एकाच्या अंगावर उड्या मारायला लागलं. झाला निकाल. मी बसल्या जागी म्हटलं, अहो पंचनामा कुठाय? जावई हसून लोळला.)

पण मला एक गोष्ट खटकत होती. बाहेर काढलेली माणसं घाबरलेली नसायची. एकतीस वर्षांत माणसाच्या चेहऱ्यावरून दावा हरल्याचं ओळखायला शिकलोय मी. हे लोक हरल्यासारखे दिसतच नव्हते. बाहेर व्हरांड्यात कॅमेऱ्यासमोर उभं राहून "त्या बाईला काही कळत नाही" असं खुशाल सांगायचे.

खुलासा जावयानं केला. हे कोर्टच नाही. हॉलिवुडमधला स्टुडिओ, मध्ये मध्ये न्यूयॉर्कची दृश्यं पेरलेली, मागे बसलेले प्रेक्षक रोजावर आणलेले. दोन्ही पक्षांनी खऱ्या लघुवादाच्या कोर्टात दाखल केलेला दावा तिथून काढून लवादाच्या करारावर सही केलेली. म्हणजे बाई कायद्यानं तिथं न्यायाधीश नव्हेत, लवाद, दोघांनी मिळून मान्य केलेला मध्यस्थ. निकाल जास्तीत जास्त 5,000 डॉलरचा, आणि ती रक्कम हरणाऱ्याच्या खिशातून जात नाही, कार्यक्रमाचे निर्माते भरतात. विमानाचं तिकीट, हॉटेल आणि वर हजर राहिल्याचे पैसे दोघांनाही. बाईंचं मानधन पुढे वर्षाला 4 कोटी 70 लाख डॉलरवर गेलं, आणि चित्रीकरण वर्षातून साधारण 52 दिवस.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लवादाला तुरुंगात टाकता येत नाही, दंड ठोकता येत नाही. हरलेल्याचं देणंही दुसराच भरतोय. त्या बाईंच्या हातात धाक म्हणून उरलं काय? दार. टीव्हीवर यायला मिळालेली ती दहा मिनिटं काढून घेणं, एवढीच शिक्षा. आणि गंमत म्हणजे ज्याला हाकललं त्याचाच तुकडा सगळ्यांत जास्त पाहिला जातो.

सुरुवातीला असं नव्हतं म्हणे. या प्रकारातला पहिला मोठा गाजलेला कार्यक्रम 'द पीपल्स कोर्ट', 1981 चा. त्यात जोसेफ वॉपनर नावाचे लॉस एंजेलिसच्या कोर्टात वीस वर्षं काढलेले निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचे जुने भाग मी मुद्दाम शोधून पाहिले. पांढरे केस, शांत आवाज, चिडले तरी भाषा सभ्य. 1989 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'नं पाहणी केली तेव्हा 54 टक्के लोकांना वॉपनर माहीत होते आणि देशाच्या सरन्यायाधीशांचं नाव सांगता आलं अवघ्या 9 टक्क्यांना. पुढे ज्युडीबाईंची पद्धत वॉपनरना आवडली नाही. न्यायाधीशानं असं उद्धट वागू नये, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मला स्वतःला वॉपनरच साहेब म्हणून पटतात. पण खरं सांगायचं तर दुपारी झोप येऊ नये म्हणून मी ज्युडीच लावायचो.

खरं कोर्ट माणसाला बाहेर घालवायला का कू करतं, कारण तो समोर असल्याशिवाय कोर्टाचं काम पुढे जात नाही. अमेरिकेतही तसंच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1970 साली एका निकालात सांगितलं की न्यायाधीशाला धमक्या देणाऱ्या, कागद फाडणाऱ्या आरोपीला खोलीबाहेर काढता येईल. पण तो नीट वागायला तयार झाला की त्याला परत आत घ्यायचं. बाहेर काढणं म्हणजे बाहेर थांबवणं. आपल्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 317 कलमातही सतत व्यत्यय आणणाऱ्या आरोपीच्या गैरहजेरीत काम चालवायची सोय होती, पण वकील हजर असेल तरच. आमच्या तालुक्याला ते कलम वापरलेलं मी ऐकलं नाही. "बाहेर थांबा" मात्र रोज. साक्षीदाराला बाहेर थांबा, रडणाऱ्या पोराला घेऊन बाहेर थांबा, दोन्ही भावांना भांडण मिटेपर्यंत बाहेर थांबा. आणि मग शिपायाचा पुकारा, तीनदा.

उलट आमच्याकडची शिक्षा आत ठेवण्याची. कोर्टाचा अपमान केला तर भारतीय दंड संहितेचं 228 कलम होतं, सहा महिन्यांपर्यंत कैद. पण किरकोळ गुन्ह्यात साहेब बऱ्याचदा "कोर्ट उठेपर्यंत कैद" सुनावायचे. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथंच बसायचं. आणि मोबाइल वाजला तर कागदावर काही न लिहिता, नुसतंच उभं करायचे.

असा एक द्राक्षबागायतदार आठवतो. भर साक्षीत त्याच्या खिशात लावणी सुरू झाली. फोन बंद कसा करायचा ते त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पूर्ण कडवं झालं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, मागे उभे राहा. तो राहिला. त्याच्या दाव्याला पुढची तारीख पडली, वकील निघून गेले, जेवणाची सुट्टी झाली. माणूस भिंतीला उभाच. पावणेसहाला साहेब उठले तेव्हा त्यांचं लक्ष गेलं. "काय हो, तुमचं काय काम आहे?" तो म्हणाला, "साहेब, मला तुम्हीच उभा केलाय." साहेब अक्षरशः वरमले. त्याची शेवटची एसटी गेली होती, म्हणून मी त्याला स्कूटरवरून फाट्यापर्यंत सोडला. वाटेत पुन्हा फोन वाजला, तेव्हा दोघंही हसलो.

हे सगळं मी कट्ट्यावर सांगतो आणि लोक म्हणतात, म्हणजे तुम्ही कुणालाच बाहेर काढलं नाहीत तर.

काढलं ना. कोर्टातून नाही, घरातून. दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जात, ताबा वॉरंट निघालं की ते बजावायला जाणारा मीच. त्याला टीव्हीसारखी दहा मिनिटं लागत नाहीत, पाच-सहा तास जातात. पोलिस बंदोबस्त मागवायचा, पंच बसवायचे, माणसांना समजावायचं आणि मग एकेक वस्तू बाहेर. पंचनाम्यात सगळं लिहायचं. पितळी पातेली सात, लोखंडी कॉट एक, देवघर लाकडी एक. गॅसची शेगडी गरम असेल तर निवेपर्यंत थांबायचं. किती घरं, ते मोजलं नाही. म्हणजे मोजता आलं असतं, नाझर शाखेत रजिस्टर असतं.

एक घर होतं, भाड्याचं, दावा बावीस वर्षं चाललेला. भाडेकरू निवृत्त माणूस, बायको वारलेली. त्यांनी आरडाओरडा केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. सामान टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला. कुलूप लावलं, लाख लावून सील केलं, किल्ली दरखास्तदाराच्या हातात दिली, सह्या घेतल्या. तरी ते अंगणातच उभे. मी म्हटलं, "काका, आता निघायला हवं." ते म्हणाले, "निघतो. पण टेम्पोवाला चहाला गेलाय. तोवर मी कुठं उभा राहू?"

प्रश्न अगदी साधा होता. वॉरंटमध्ये घर अंगणासह होतं. मी कागद उघडून चतुःसीमा वाचली. पूर्वेस सरकारी रस्ता, दक्षिणेस नगरपालिकेची नाली.

"नालीच्या पलीकडे," मी सांगितलं.

त्यांनी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट केला, नाली ओलांडली आणि तिथं उभे राहिले.