पंखा पाचवर

डिसेंबरातली पुण्याची थंडी, नवरा डोक्यावरून ब्लँकेट घेऊन घोरतोय आणि मी पंखा पाचवर करून, उशीवर टॉवेल टाकून बसलेय, असं जवळजवळ दोन वर्षं चाललं होतं. छातीतून एकदम वाफ निघते, मान भिजते आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरते. सासूबाई म्हणाल्या, अगं पाळी जाताना होतंच असं, आम्ही काय कोणाला सांगत बसलो का. नाहीच सांगितलं, तोच तर प्रॉब्लेम आहे ना!

यावर हार्मोन्सची औषधं देतात, पण हार्मोन्स म्हटलं की माझ्या डोक्यात एकच शब्द, कॅन्सर. गायनॅक मॅडमनी नीट सांगितलं. ही भीती मुख्यतः २००२ च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळे पसरली, तो मध्येच थांबवला होता कारण हार्मोन्सच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला, पण जास्त म्हणजे दर १०,००० बायकांमागे वर्षाला साधारण ८, आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! मी ४९ ची, पाळी जाऊन चौदा महिने झालेले. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलं तर हिशोब वेगळा असतो म्हणे. धोका शून्य नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचा त्रास असलं काही असेल तर सहसा देतच नाहीत. माझी मॅमोग्राफी, बीपी, सगळं बघूनच चिठ्ठी लिहिली.

गंमत म्हणजे जाऊबाईंना एकच औषध आणि मला दोन. मला वाटलं माझी केस जास्त बिघडलीय. तर तसं नाही, त्यांची गर्भपिशवी काढलेली आहे. माझी आहे, आणि नुसतं इस्ट्रोजेन हे एकच हार्मोन दिलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं, त्यातून कॅन्सर होऊ शकतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन. ती गोळी रात्रीच घ्यायची, झोप येते तिने (हा तर बोनसच). इस्ट्रोजेनचं जेल आहे, कातडीतून जातं म्हणून गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी.

सकाळी मांडीला जेल लावून पाच मिनिटं वाळेपर्यंत सलवार घालायची नाही, आणि नेमकी तेव्हाच कचरेवाली बेल वाजवते. पंखा आता दोनवर असतो. नवरा अजूनही ब्लँकेट डोक्यावरूनच घेतो.