ऑक्टोबर २०२१ : शाळेतल्या रोजनिशीची काही पानं

३० सप्टेंबर, गुरुवार

सोमवारपासून शाळा. २४ तारखेला जाहीर झालं तेव्हा स्टाफच्या ग्रुपवर कुणी फारसं हरखलं नाही. ‘सुरू’ आणि ‘बंद’चा हा खेळ गेल्या वर्षापासून बघतोय. २३ नोव्हेंबरला नववी-दहावीची मुलं आली, २७ जानेवारीला पाचवी ते आठवीची, आणि उन्हाळा लागायच्या आत पुन्हा कुलूप. या वेळी ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरात आठवी ते बारावी. आम्ही पडलो कृष्णाकाठचे खेडवळ, त्यामुळे आमची पाचवी ते दहावी सगळी एकदम.

आज मीटिंग झाली. मोठ्या मॅडमनी परिपत्रक वाचून दाखवलं. एका बाकावर एकच मूल, पालकांचं संमतिपत्र, हजेरीची सक्ती नाही, मैदानी खेळ नाहीत, शिक्षकांचे लसीचे दोन्ही डोस झालेले हवेत. मुलांच्या मनाकडे लक्ष द्या, त्यांना एकदम अभ्यासाला जुंपू नका, असंही आहे आणि ते योग्यच आहे. आमच्याकडून काय हवं, तर लसीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स. आम्हाला कसं काय आहे हे कुणी विचारावं अशी अपेक्षाही नव्हती म्हणा. मागे मानसिक आरोग्यावर एक वेबिनार झाला होता. त्यात दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, आणि श्वास सोडायच्या आत हजेरीची लिंक आली. न भरणाऱ्यांची नावं संध्याकाळी ग्रुपवर.

क्लार्क भाऊ म्हणाले, “पितृपक्षात शाळा उघडतायत. मुहूर्त बघितला नाही वाटतं कुणी.”

मॅडम म्हणाल्या, “दीड वर्ष मुहूर्तच बघत बसलो होतो की.”

हसलो सगळे. मग एकदम कुणीच बोलेना, कारण गणिताच्या सरांची खुर्ची तशीच ठेवलेली होती, खिडकीजवळची. एप्रिलमध्ये गेले. त्यानंतर आम्ही सगळे एका खोलीत आज पहिल्यांदा बसलो होतो.

२ ऑक्टोबर, शनिवार

झेंडावंदनासारखं पटकन आटोपून घरी जायचं असं ठरलं होतं, पण गांधीजयंती म्हणजे झाडू आलाच. मे महिन्यात शाळेत गावाचा विलगीकरण कक्ष होता. जुलैत पूर आला तेव्हा नदीकडच्या वस्तीतली माणसं इथेच आणून ठेवली होती. बाक एकावर एक रचून व्हरांड्यात टाकलेले, फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवलेल्या. भिंतीला टेकवलेली एक प्लॅस्टिकची घागर कुणाची आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शिपाई मामा सगळ्या खोल्यांत आम्हाला येऊ देत होते, नववी ‘ब’ सोडून. “ती मी करतो बाई, तुम्ही पुढची घ्या.” मेमध्ये त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ त्याच खोलीत होता. तिथून त्याला कऱ्हाडला हलवलं, तो परत आला नाही. मला हे ठाऊक होतं, पीटीच्या सरांना नव्हतं. ते बादली घेऊन आत शिरले आणि मामांबरोबर गप फरशी घासायला बसले. मामांनी काही सांगितलं की नाही कोण जाणे. बाहेर आले तेव्हा दोघं उसाच्या तोडीबद्दल बोलत होते, कारखान्याचा हंगाम यंदा वेळेवर लागेल का वगैरे.

मात्र पीटीच्या सरांना धाप लागते आता. कोविडमध्ये त्यांचा सीटी स्कॅनचा स्कोअर सोळा होता, पंचवीसपैकी. एकेकाळी तालुक्याच्या कबड्डी संघाला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणारा हा माणूस जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो, आणि थांबलोय असं वाटू नये म्हणून भिंतीवरचा सुविचार वाचतो. वेळापत्रक लावताना मॅडमनी त्यांचे सगळे तास तळमजल्यावर टाकले. कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही नाही. वरच्या मजल्यावरचे दोन तास त्याबदल्यात चित्रकलेच्या सरांकडे गेले. एरवी एका बदली तासावरून हेच सर अर्धा दिवस धुसफुसत असतात.

४ ऑक्टोबर, सोमवार

आली मुलं. गेटवर थर्मल गन घेऊन पीटीचे सर आणि मी. भूगोलवाल्यांना गेटची सवय आहे. गेल्या नोव्हेंबरात भर होता तो गणित, विज्ञान आणि इंग्रजीवर, म्हणून आम्ही ‘उरलेले’ सॅनिटायझर ओतायला. त्याआधी २०२० च्या दहावीचा शेवटचा पेपर नेमका माझ्या विषयाचा. तो पुढे ढकलला, मग रद्दच झाला, आणि मुलांना बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे मार्क मिळाले. वर्षभर शिकवलेल्या नकाशांचं काय झालं ते विचारू नये.

सहावीतली एक मुलगी गेटवर अडून बसली, आत येईना. ती चौथीत असताना शाळा बंद झाली. पाचवी घरात गेली, ही इमारत तिने आतून पाहिलेलीच नव्हती. हिंदीच्या बाई तिला हाताला धरून घेऊन गेल्या. हात धरायचा नसतो हे त्यांना माहीत आहे.

आजचा दिवस खरा वाचवला तो तासिकेवरच्या सरांनी. हे सर विनाअनुदानित तुकडीवर. शाळा बंद तसं त्यांचं मानधन बंद. दीड वर्ष त्यांनी टेम्पोतून भाजी विकली, आसपासच्या चार-पाच गावांत. पहिल्या लॉकडाऊनमध्ये आम्ही वर्गणी काढून त्यांना किराणा दिला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी नको म्हणून सांगितलं, आणि भाजी मात्र आमच्या दारात देऊन जायचे, वजनाला कधी कमी नाही. आज सकाळी हजेरी घेताना कॅटलॉगमधली निम्मी नावं उत्तरच देईनात. आम्ही ऑनलाइन तासांचे स्क्रीनशॉट चाळत बसलो, आणि या सरांनी खिशातून भाजीच्या उधारीची वही काढली. कुठल्या घरचा मुलगा वीटभट्टीवर जातो, कुणाचं कुटुंब मुंबईहून येऊन परत गेलं, कुणाच्या घरी फोनच नव्हता, कुठल्या मुलीचं लग्न जमवायचं चाललंय, सगळं त्यांना तोंडपाठ. दुपारी दहावीचे दोन वर्गशिक्षक त्यांच्याच टेम्पोतून वस्तीवर गेले आणि संमतिपत्रांवर सह्या घेऊन आले.

याबद्दल त्यांना कागदावर काही मिळणार नाही. तासाचे पैसे मिळतील, तेही कधी ते देव जाणे. स्टाफ एकमेकांना धरून आहे असं म्हणताना आपण हे विसरतो की एकाच स्टाफरूममध्ये पूर्ण पगारवाला आणि तासावरचा शेजारी शेजारी बसतात, आणि दोघांची महामारी वेगळी होती.

६ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री. निम्मा स्टाफ अर्ध्या रजेवर, मुलंही कमी.

डबे आता हॉलमध्ये खायचे, एकेका बाकावर एकेकाने, परीक्षेला बसल्यासारखे. वाटून खायचं नाही. पण हिंदीच्या बाईंचा डबा त्याला अपवाद झालाय. त्यांचा वास गेल्या वर्षी गेला तो अजून नीट आलेला नाही. आला तरी भलताच येतो, कांद्याला म्हणे रॉकेलचा. घरी त्या एकट्याच, मुलगी पुण्याला. म्हणून डबा उघडला की आधी माझ्यापुढे धरतात. “बघ गं, विटली नाही ना?” आज दुधीची भाजी होती. मी मास्क खाली करून वास घेतला, म्हटलं, बरी आहे, फक्त फोडणी करपलीये. “करपलीये का? मला वाटलंच, धूर दिसला होता.” दिसला होता म्हणाल्या, आणि आम्ही दोघी जरा जास्तच हसलो. पलीकडच्या बाकावरून इंग्रजीच्या सरांनी लसणाची चटणी पुढे सरकवली, चमच्यासकट. परिपत्रकाचा भंग झाला, नोंद करून ठेवते.

गणिताच्या सरांच्या घरी आज काही नव्हतं. वर्षश्राद्ध व्हायचं आहे, त्याआधी पक्ष घालत नाहीत. पण वहिनींचा फोन आला मॅडमना, फाईल परत आल्याचा.

९ ऑक्टोबर, शनिवार

त्या फाईलबद्दल लिहून ठेवायला हवं.

कोविडच्या कामावर असताना गेलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाला शासनाकडून ५० लाख मिळतात. सर एप्रिलमध्ये गावाच्या नाक्यावर ड्यूटीला होते, हे अख्ख्या गावाने पाहिलंय. अट अशी की आजारी पडून दाखल होण्याआधीच्या चौदा दिवसांत ते त्या कामावर हजर होते याचा पुरावा हवा. आणि तिथेच घोडं अडलं. ड्यूटीचा आदेश आला होता फोनवर. नंतर कागद मिळेल असं सांगितलं होतं, तो मिळालाच नाही. ज्यांनी फोन केला त्यांची बदली झाली. एका कार्यालयाने फाईल दोनदा परत पाठवली, एकदा सही नाही म्हणून, आणि आता ‘हजेरीचा पुरावा जोडावा’ म्हणून. नाक्यावर कुठलं आलंय मस्टर?

आज सकाळची शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसलो, दारं-खिडक्या उघड्या टाकून. पीटीचे सर त्या नाक्यावर त्यांच्याबरोबर होते. त्यांच्या फोनमध्ये फोटो निघाले, तारीख-वेळेसकट : बांबू आडवा लावलेला, सर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवर वही. ती वही कुठली, तर गाड्यांचे नंबर लिहायची. क्लार्क भाऊंनी ग्रामपंचायतीतून ती वही शोधून आणली. गणिताच्या सरांचं अक्षर आम्ही कुठेही ओळखू. गाडी क्रमांक, वेळ, कुठून कुठे, कारण. कारणाच्या रकान्यात एके ठिकाणी लिहिलंय : ‘बायकोला माहेरी सोडायला. समजावून परत पाठवले.’ एकेका दिवसाखाली तारीख आणि त्यांची सही. शेवटची तारीख दाखल होण्याच्या चार दिवस आधीची.

चित्रकलेच्या सरांनी पानांचे स्कॅन केले. मी ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्या दाखल्यांचे मसुदे लिहिले. मॅडमनी मुख्याध्यापक म्हणून आपला दाखला वेगळा दिला. मामांनी चहा केला. एवढी माणसं एका कामाला इतक्या मुकाट्याने लागलेली मी स्नेहसंमेलनातही पाहिलेली नाहीत.

आता दुसरी बाजू. सरांचं पतसंस्थेचं कर्ज आहे, घराच्या वरच्या मजल्यासाठी काढलेलं. जामीनदार दोघे, इंग्रजीचे सर आणि पीटीचे सर. आम्ही मास्तर लोक एकमेकांना जामीन राहतो ते डोळे मिटून, उद्या आपल्यालाही सही लागणार म्हणून. पतसंस्थेच्या निधीतून काही भाग माफ होईल, उरलेल्याचे हप्ते जामीनदारांच्या पगारातून कापायला ऑगस्टपासून सुरुवात झाली आहे. दोघांनी आपसात ठरवलंय की वहिनींच्या कानावर घालायचं नाही. आम्हालाही आज कळलं, ते क्लार्क भाऊंकडून, कारण पगारबिलं तेच करतात.

इंग्रजीच्या सरांच्या मिसेस यावर खूप चिडल्या आहेत. त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. मुलगा इंजिनिअरिंगला, सासूबाईंचं डायलिसिस. दुसऱ्याला आधार देताना आपल्या घरातल्या माणसाच्या ताटातून घास जातो, आणि देणाऱ्याचं नाव होतं, ज्याचा घास गेला त्याचं होत नाही. चर्चेअंती असं ठरलं की हप्ता दोघांनी न भरता सगळ्यांनी वाटून घ्यायचा, आणि तासिकेवरच्या सरांना त्यात धरायचं नाही. ते म्हणाले, मलाही धरा. मॅडम म्हणाल्या, “तुमचं नंतर बघू.” एक जण मात्र स्पष्ट म्हणाले की मला जमणार नाही. त्यांना कुणी टाकून बोललं नाही. चहा प्यायला ते थांबले, हेही बरं झालं.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

खंडेनवमी. प्रयोगशाळेतली साधनं, पीटीच्या सरांची शिट्टी, शाळेची घंटा, संगणक, सगळ्यांना हळद-कुंकू. थर्मल गनलाही कुणीतरी झेंडूचं फूल ठेवलं.

मस्टरवरचा घोळ आज मिटला. सेवाज्येष्ठतेने नावं असतात, त्यामुळे गणिताच्या सरांच्या खालचं प्रत्येक नाव एकेक घर वर सरकणार. क्लार्क भाऊंना ते लिहवेना, म्हणून ऑक्टोबरचं पान चौदा तारखेपर्यंत पेन्सिलीत होतं आणि आम्ही सुट्या कागदावर सह्या करत होतो. शेवटी इंग्रजीचे सर म्हणाले, “आणा इकडे,” आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने वरच्या घरात लिहिलं. मग बाकीचे.

गणिताचे तास कोण घेणार हा प्रश्न तसाच आहे. नवी नेमणूक एवढ्यात होणार नाही हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. नववी-दहावी विज्ञानाच्या बाईंकडे, आठवी तासिकेवरच्या सरांकडे, आणि पाचवी-सहावी चक्क मोठ्या मॅडम घेणार आहेत. बी.एस्सी. आहेत त्या, पण वीस वर्षांत अपूर्णांक शिकवलेला नाही. काल ऑफिसात पाचवीचं पुस्तक उघडून बसल्या होत्या. विज्ञानाच्या बाई त्यांना मिश्र अपूर्णांक समजावत होत्या, आणि शिकवताना जसं खडसावतात तसंच खडसावत होत्या.

दसरा झाला की पीटीचे सर फाईल घेऊन साताऱ्याला जाणार. पोस्टाने पाठवायची नाही, हातोहात द्यायची आणि पोच घ्यायची, असं ठरलंय. टेबलापाशी बसून राहण्याचा चिवटपणा त्यांच्याइतका आमच्यात कुणाकडे नाही. एसटीने जाऊ नका म्हटलं तर ऐकत नव्हते, मग चित्रकलेचे सर गाडी काढतो म्हणाले. त्यांचे त्या दिवशीचे तास वाटून झाले आहेत. पीटीच्या सरांचा नववीचा सहावा तास माझ्या वाट्याला आलाय. मैदान बंदच आहे, तेव्हा तिथे मी भूगोल घेणार. पोरं वैतागतील, पण नकाशे बरेच मागे राहिलेत.