बाराही महिने चालत

“पावसाळ्यातही मुलींना असंच पाठवता?” शाळेच्या गेटवर, सोसायटीत, लग्नकार्यात हे मला हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: हो, बाराही महिने. धाकटी शाळेत चालत जाते, थोरली सायकलवर.

हवेचं म्हणाल तर पुण्यासारखं गाव नाही. कोकणाच्या मानाने इथला पाऊस काहीच नाही, आणि त्यातही रिपरिपच जास्त. दप्तरासकट झाकेल असा रेनकोट, पायात सँडल, बूट-मोजे पिशवीत. वर्गाबाहेर पाय पुसून घालायचे. छत्री मात्र देत नाही, तिच्याआड येणारी गाडी दिसत नाही. थंडीचं म्हणाल, तर चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने २०२४मध्ये सांगितलं. आमच्या शाळेने ते पाळलं, त्यामुळे धाकटी निघते तेव्हा ऊन आलेलं असतं.

धाकटीला पावसात खरा त्रास पेव्हर ब्लॉकचा. वरून कोरडा दिसतो, पाय ठेवला की एका बाजूने दबतो आणि खालचा चिखल फस्सकन गुडघ्यापर्यंत उडतो. आता गल्लीतले कुठले ब्लॉक हलतात ते तिला पाठ आहेत. रस्त्याची अशी ओळख स्कूटरवर मागे बसून होत नाही.

मला भीती वाटते ती गाड्यांची. आणि शाळेच्या दारातली गर्दी कुणा परक्यांची नसते, लेकरांना सोडायला आलेले आपणच असतो. रस्ता धोक्याचा म्हणून गाडीने सोडायचं आणि त्याच गाड्यांनी तो आणखी धोक्याचा करायचा! महापालिकेचं पादचारी धोरण २०१६चं, सायकल आराखडा २०१७चा. मनात आणलं तर काय होतं ते जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर दिसतं. शाळांभोवतीच्या गल्ल्यांना तसे फुटपाथ हवेत, आणि ते मी मागत राहणार.

तोवर आम्ही चार-पाच आयांनी पाळ्या लावल्यात. एकीने सगळी मुलं न्यायची, वाटेतल्या सोसायट्यांमधून आणखी येऊन मिळतात. फुटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, म्हणजे गाडी समोरून येताना दिसते. थोरलीची सायकल आतल्या रस्त्यांनीच, कर्वे रस्त्याने नाही. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, ते तिला आधी मैदानात करायला लावलं, मगच पावसात सोडलं.

तुमचं घर लांब आहे, ठाऊक आहे मला. मग मुलीला शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवा, पुढे ती आमच्या मुलांबरोबर चालेल.