सोल ते मुजू : तायक्वांदो शिकवणाऱ्यांनी कोरियात काय पाहावं

तायक्वांदो शिकवणारे कोरियात उतरले की आधी कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचं जागतिक मुख्यालय, गाठतात. काळ्या पट्ट्याच्या सर्टिफिकेटवर तेच नाव असतं, त्यामुळे ओढ साहजिक आहे. तरी माझं सांगणं असं, की कुक्कीवॉन एक दिवस पुढे ढकला आणि पहिली दुपार सोलमधल्या एखाद्या वस्तीतल्या साध्या दोजांगला, म्हणजे तायक्वांदोच्या वर्गाला, द्या. किक कशी मारायची हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत असतं. सात वर्षांच्या मुलाला ती कशी शिकवायची, हे तिथे दिसतं.

मी नाशिकला एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना शिकवते. सोबत कोल्हापूरची मैत्रीण होती, तीही प्रशिक्षक. सोल, सुवॉन, चुंगजू, मुजू असा आमचा रस्ता होता आणि तो याच क्रमाने करावा असं दोघींचंही मत झालं.

कोरियात दोजांग गल्लीबोळात असतं. खाली औषधांचं दुकान, वरच्या मजल्यावर दोजांग आणि दारात पिवळी व्हॅन. व्हॅन मुलांना शाळेतून घेऊन येते आणि वर्ग झाला की घरी सोडते. नोकरी करणाऱ्या आईबापांचा मोठा आधार असतो तो. येणारी बहुतेक मुलं प्राथमिक शाळेतली. दारातून आत येताना मूल आधी झेंड्याला वाकून नमस्कार करतं, मग शिक्षकांना, आणि चपला स्वतः नीट लावून ठेवतं. आम्ही बसलो होतो त्या वर्गाची सुरुवात दोरीवरच्या उड्यांनी झाली. भरपूर उड्या झाल्या, मग एक पळापळीचा खेळ, आणि मुलं घामाघूम होऊन हसायला लागल्यावर ‘चार्योत, क्योंग्ने’, म्हणजे सावधान आणि वाकून नमस्कार. तिथून पुढे मात्र हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी.

त्या वर्गात पाहिलेली एक गोष्ट तपशिलात सांगते, कारण माझ्या शिकवण्यात तिने सगळ्यात मोठा फरक पाडला. पांढऱ्या पट्ट्याची मुलं थगुक इल जांग शिकत होती. या पहिल्या पूमसेत, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, आप सोगी, म्हणजे पुढे-मागे पाय ठेवून सरळ उभं राहणं, सारखं सारखं येतं. आपल्याकडे आपण हे पावलं मोजून शिकवतो. जमिनीवर टेप लावतो, पुढच्या-मागच्या पायात किती अंतर ते सांगतो, आणि मूल खाली बघत पाय सरकवत राहतं. तिथल्या साबम्निमनी, म्हणजे शिक्षकांनी, मुलांना हॉलभर नुसतं चालायला लावलं, शाळेत जातात तसं. टाळी वाजली की जागच्या जागी थांबायचं. थांबल्यावर पाय जिथे पडले तीच आप सोगी. कुणाची छाती पुढे झुकलेली असेल तर साबम्निम पाठीवर दोन बोटं टेकवून पुढे जायचे. टेप नाही, आकडा नाही. एका तासात त्या मुलांच्या चालीत जो मोकळेपणा आला तो आमच्याकडे काही महिन्यांनीही येत नाही.

असा वर्ग बघायला मिळावा म्हणून आधी परवानगी घ्यायला हवी. तुमच्या राज्य संघटनेत किंवा तुमच्या मास्टरांच्या ओळखीत कोरियाशी संबंध असलेलं कुणीतरी असतंच, त्यांच्याकडून निरोप जाऊ द्या. कोरियनमध्ये भाषांतर केलेलं छोटं पत्र सोबत ठेवा : मी कोण, किती दान (काळ्या पट्ट्याची कितवी पायरी), कुठे शिकवते, फक्त मागे बसून बघायचं आहे. दोजांगच्या प्रमुखांना ग्वानजांगनिम म्हणतात. त्यांना काही देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात वापरा. चहाचं पाकीट किंवा घरचा खाऊ नेलात तर छान. मुलांचे व्हिडिओ काढू नका; विचारलंत तर कदाचित नाही म्हणणार नाहीत, पण विचारूच नये. आणि दोबोक, म्हणजे तायक्वांदोचा गणवेश, पिशवीत असू द्या. आम्हाला शेवटची दहा मिनिटं रांगेत उभं राहायला बोलावलं, अगदी शेवटच्या ओळीत.

कुक्कीवॉन मेट्रोच्या गांगनाम स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर, एका टेकडीवर आहे. शेवटचा चढ आहे, उन्हाळ्यात पाणी जवळ ठेवा. १९७२ मध्ये ही इमारत उभी राहिली आणि १९७३ ची पहिली जागतिक स्पर्धा इथेच झाली. हॉल फोटोंत वाटतो त्यापेक्षा लहान आहे. मला तो तसा लहानच आवडला. आपण बसतो त्या बाकांपासून खेळणारा हाताच्या अंतरावर असतो. काही वेळा इथे दान परीक्षा चालू असतात. त्या बघायला मिळाल्या तर सोडू नका. १५ वर्षांखालच्या मुलांना दानऐवजी पूम मिळतो आणि त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. दुसऱ्यापासून तिसऱ्या दानपर्यंत किमान २ वर्षं, तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत ३ वर्षं थांबावं लागतं. आपल्याकडे पालक ‘मॅडम, ब्लॅक बेल्ट कधी?’ विचारतात तेव्हा हे आकडे सांगायला उपयोगी पडतात. तिथे जाऊन परस्पर परीक्षा देता येईल असा समज करून घेऊ नका. अर्ज चौथ्या दानच्या किंवा त्यापुढच्या मास्टरांमार्फत जातो. ते काम निघण्याआधी इथूनच बोलून ठेवायला हवं.

सुवॉनला सोलहून मेट्रोच्या एक नंबर लाइनने तासाभरात पोचता येतं. बहुतेक तायक्वांदोवाले हे गाव वगळतात, कारण तिथे तायक्वांदो नाही. पण शिकवणाऱ्यासाठी ते महत्त्वाचं आहे. राजा जंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये इथे ह्वासंग किल्ला बांधला. त्याच राजाच्या हुकमावरून १७९० मध्ये ‘मुये दोबो थोंगजी’ हा युद्धकलेचा सचित्र ग्रंथ तयार झाला. ई दंग-मू आणि पाक जे-गा हे दोन विद्वान आणि पेक दोंग-सू हा हत्यारं चालवणारा लढवय्या, अशा तिघांनी मिळून तो केला. लिहिणारे आणि लढणारे एकत्र बसवले, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यात २४ कला आहेत : १८ पायी आणि ६ घोड्यावरच्या. भाला, तलवारी, जोड तलवारी, आणि नुसत्या हाताची ग्वॉनबप. प्रत्येक कलेची चित्रं आधी सुटी सुटी दिली आहेत आणि मग संपूर्ण क्रमाचा एक नकाशा, ज्यात छोट्या आकृत्या एकामागून एक कुठल्या दिशेने जातात ते दिसतं. लेखी अभ्यासक्रम कसा असावा याचा इतका जुना आणि नेटका नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

किल्ल्यातल्या ह्वासंग हेंगगुंग या राजवाड्याच्या दारात या २४ कलांचं प्रात्यक्षिक होतं. साधारण सकाळी ११ ची वेळ असते, सोमवारी बंद, पावसात रद्द. आदल्या दिवशी खात्री करून घ्या. जोड तलवारी फिरायला लागल्या तशी माझी मैत्रीण उभीच राहिली. ती लहानपणापासून कोल्हापुरात मर्दानी खेळ बघत आलेली आहे. दांडपट्ट्याचे हात आपल्याकडे आजही वस्तादाकडून शिष्याकडे असेच जातात, पाहून आणि करून. त्याचा असा क्रमवार सचित्र नकाशा आपण करायला हवा, असं ती परतीच्या मेट्रोत सोलपर्यंत बोलत होती. मीही तिच्याशी सहमत आहे. प्रात्यक्षिकानंतर किल्ल्याच्या पूर्वेकडच्या योनमूदेला जा. तिथे थोड्या पैशांत कोरियन धनुष्याने दहा बाण मारून बघता येतात. पर्यटकांसाठी लक्ष्य जवळ ठेवलेलं असतं. खरे धनुर्धर १४५ मीटरवर नेम धरतात.

चुंगजूसाठी सोलहून बस घ्या, दोनेक तासांचा प्रवास आहे. हे तेक्क्योन या पारंपरिक कोरियन युद्धकलेचं गाव. जपानी अंमलात ही जुनी कला जवळजवळ संपली होती. सोलच्या सोंग दक-गी (१८९३–१९८७) यांनी ती अंगात जपली. चुंगजूच्या शिन हान-संग यांनी त्यांच्याकडून शिकून तिची पद्धतशीर मांडणी केली आणि सरकारदरबारी पाठपुरावा केला. १९८३ मध्ये कोरियाने तिला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली, २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत ती आली. हे दोघंही १९८७ मध्येच गेले. एकाने जपलं आणि दुसऱ्याने शिकवण्याजोगं केलं; दोघांपैकी एक जरी नसता तरी आज बघायला काही उरलं नसतं.

तेक्क्योनचा पाया म्हणजे पूमबाल्पगी. तीन बिंदूंवर पाय टाकत राहायचं, गुडघा मऊ, कंबर पुढे-मागे झुलती. या चालीतूनच लाथ निघते. जोडीदाराला इजा होईल अशी मारायची नाही, ढकलायचं. त्याला पाडलं किंवा चेहऱ्याला पायाने स्पर्श केला की डाव जिंकला. आम्ही तिथल्या शिक्षकांसमोर ही चाल केली तेव्हा त्यांनी आमच्या खांद्यांवर हात ठेवून ते खाली आणले. तायक्वांदोवाल्यांचे खांदे चढलेलेच असतात, असं ते दुभाष्या मुलीकरवी म्हणाले. माझ्या मते प्रत्येक तायक्वांदो शिक्षकाने निदान एक सकाळ तरी हे करावं. डोल्यो चागी, म्हणजे पाय गोल फिरवून मारायची किक, मारताना उभ्या पायाचा गुडघा ताठ ठेवून दुखावणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत, आणि तो गुडघा मऊ कसा ठेवायचा हे या चालीत आपोआप कळतं. तेक्क्योनचा वर्ग पर्यटकांसाठी रोज नसतो. आधी कळवूनच जा.

मुजू शेवटी ठेवा. सोलच्या नांबू टर्मिनलवरून मुजूला थेट बस आहे, अडीच-तीन तास लागतात. तिथून तायक्वांदोवॉनला लोकल बस किंवा टॅक्सी. लोकल बस कमी आहेत, परतीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. २०१४ मध्ये डोंगरात उभारलेला हा प्रचंड परिसर आहे. २०१७ ची जागतिक स्पर्धा इथे झाली. स्पर्धेचं मोठं स्टेडियम, प्रशिक्षणाचे हॉल, राहण्याची सोय, संग्रहालय आणि वर टेहळणीच्या जागेपर्यंत नेणारी मोनोरेल. परदेशी प्रशिक्षकांचे कुक्कीवॉनचे अभ्यासक्रमही इथे होतात. ते करायचे असतील तर प्रवासाच्या तारखा त्यांच्यावरूनच ठरवा.

संग्रहालयासाठी अर्धा दिवस ठेवा. तिथे गोगुर्यो या प्राचीन राज्याच्या थडग्यांमधली भित्तिचित्रं आणि ह्वारांग, म्हणजे शिल्ला राज्यातले तरुण योद्धे, यांच्यापासून गोष्ट सुरू होते. विद्यार्थ्यांना ती आवडते, आपणही सांगतो. पण १९४५ च्या आसपास सोलमध्ये ज्या ‘ग्वान’ नावाच्या शाळा निघाल्या, त्यांच्या अनेक संस्थापकांनी जपानमध्ये कराटे शिकलेलं होतं, आणि तायक्वांदो हे नाव ठरलं १९५५ मध्ये. हेही आपण सांगितलं पाहिजे. त्यामुळे तायक्वांदो लहान होत नाही. एका उद्ध्वस्त देशातल्या तरुण शिक्षकांनी हाती होतं त्यातून नवी पद्धत घडवली आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनी खेळ, २००० च्या सिडनीत पदकांचा खेळ इथवर ती नेली, ही गोष्ट माझ्या मुलांना जास्त थरारक वाटते. परिसराजवळच राजेथोंगमुन नावाचं खडक फोडून केलेलं दार आहे, जुन्या शिल्ला आणि बेक्जे राज्यांच्या सीमेवरचं. टॅक्सीवाल्याला सांगून पाच मिनिटं थांबा.

आता खाण्याचं. शाकाहारींनी किमची सरसकट शाकाहारी समजू नये, तिच्यात बहुतेकदा मासळीचा किंवा सुकटीचा रस असतो. सूपही सुक्या मासळीचं असतं. बिबिमबाप (भाज्या घातलेला भात) मागवताना ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हणा, म्हणजे मांस घालणार नाहीत. अंडं चालत नसेल तर ‘ग्येरान’ही त्यातच जोडा. मुजूत दुकानं लवकर मिटतात, मेतकूट आणि चिवडा बॅगेत असू द्या.

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो; महाराष्ट्रातल्यांसाठी मुंबईला कोरियाचं वाणिज्य दूतावास आहे. प्रवासासाठी विमानतळावरच टी-मनी कार्ड घ्या, मेट्रो आणि बस दोन्हीत चालतं. रस्ता शोधायला गूगलपेक्षा नेव्हर मॅप भरवशाचा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलैत तिथेही पाऊस, आणि जानेवारीत मुजूचा हॉल अनवाणी पायांना सोसवत नाही. छुसोक आणि सोल्लाल या सणांच्या आठवड्यात जाऊ नका : दोजांग बंद, बसची तिकिटं संपलेली. सोमवारी तर सुवॉनचा कार्यक्रमही नाही आणि मुजूचं संग्रहालयही नाही, म्हणून तो दिवस बसच्या प्रवासाला ठेवा.