तुम्ही विचारलंत म्हणून: पालिकेच्या नव्या बिल्डिंगमध्ये पैसे खरंच वाचले का?

गेल्या दोन-अडीच वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "काय हो, तुमच्या त्या पालिकेच्या बिल्डिंगमध्ये खरंच पैसे वाचले का, आणि वाचले असतील तर गेले कोणाच्या खिशात?" विचारणारे बदलतात, कधी लोकलमधला ग्रुप, कधी सोसायटीचे सेक्रेटरी, एकदा तर लग्नात जेवणाच्या रांगेत आमच्या हिच्या मावशीचे यजमान हातात ताट घेऊन, पण चेहऱ्यावरचा भाव सगळ्यांचा सेम, की आता हा काहीतरी आतलं सांगणार.

आतलं म्हणाल तर बरंच आहे, पण मसाला कमी आणि बेरजा-वजाबाक्या जास्त. मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे, म्हणजे बांधकामात किती माल लागतो, किती काम झालं आणि त्याचे किती पैसे होतात हे मोजणारा माणूस. साइटवर क्यूएस म्हणतात, घरी "ह्यांचं ते बिलांचं काम" म्हणतात. मुंबईच्या उपनगरातल्या एका पालिकेच्या मुख्यालयाच्या कामावर मी कन्सल्टंटकडून होतो, सात मजली बिल्डिंग, सभागृह, नागरी सुविधा केंद्र, सगळं. पालिकेचं नाव सांगणार नाही, आमची काही बिलं अजून तिकडेच अडकलीयेत.

पैसे वाचले. पेपरात टेंडर उघडलं तेव्हा जो आकडा छापून आला होता त्याच्या जवळपास सुद्धा नाही, पण वाचले.

त्या पेपरातल्या आकड्याचंच आधी सांगतो कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो. समजा एस्टिमेट १०० कोटींचं आहे आणि कोणी २२ टक्के बिलो भरलं, तर लोक म्हणतात २२ कोटी वाचले, वाटा पेढे. अहो, एस्टिमेट बनतं सरकारी दरपत्रकावर, ज्याला सगळे डीएसआर म्हणतात, आणि त्यात काही आयटमचे रेट बाजारापेक्षा वर असतात, काही खाली. २२ टक्के बिलो भरणारा माणूस काय येडा नसतो. त्याने टेंडर भरायच्या आधी रात्र रात्र बसून बघितलेलं असतं की आमच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि मापांच्या यादीत, कुठली क्वांटिटी आम्ही कमी धरलीये, कारण जी क्वांटिटी पुढे वाढणार त्या आयटमला तो तगडा रेट भरतो आणि जी होणारच नाही तिथे नावाला काहीतरी टाकतो, बेरीज केली की खालीच दिसते. आमचं टेंडर आयटम रेटचं होतं, म्हणजे प्रत्येक कामाला वेगळा दर भरायचा, त्यामुळे हे त्याला आरामात जमलं. कठीण पाषाणातल्या खोदाईचा त्याचा रेट बघून मी तेव्हाच आमच्या डेप्युटी साहेबांना म्हटलं होतं, साहेब, ह्याला जमिनीखालचं आपल्यापेक्षा जास्त माहितीये.

आणि होतंच. जमिनीखाली काय आहे ते बघायला आम्ही बोअर घेतले होते पाच, सगळे रस्त्याच्या बाजूचे, कारण मागच्या बाजूला पालिकेचंच जुनं गोडाऊन उभं होतं आणि ते रिकामं करायला कोणी तयार नव्हतं. ठेकेदाराचा माणूस मात्र शेजारच्या चाळीत जाऊन म्हाताऱ्या लोकांशी गप्पा मारून आला होता, त्यांनी सांगितलं की आमच्याकडे संडासची टाकी खोदताना दोन हातांवर काळा पत्थर लागला होता! गोडाऊन पाडलं, दोन मीटरवर बसाल्ट. बाजूला वस्ती, त्यामुळे सुरुंगाचा प्रश्नच नाही, दिवसभर ब्रेकर, धडधडधडधड, चाळीतल्या एक आजी रोज फुटलेली कपबशी घेऊन साइट ऑफिसला यायच्या आणि आमचा साइट इंजिनिअर बिचारा त्यांना चहा पाजून परत पाठवायचा. खोदाईची क्वांटिटी दुपटीच्या वर गेली. करारात क्लॉज होता की टेंडरच्या सव्वापटीपुढच्या कामाला त्याचा रेट न लागता चालू दरपत्रक लागेल, त्याने थोडं सावरलं, तरी पेपरातल्या बचतीचा एक मोठा लचका त्या खड्ड्यातच गेला. सहावा बोअर घ्यायला फार फार तर एक-दोन दिवस आणि एका गोडाऊनची चावी लागली असती. मी अजून त्या चावीचा हिशोब करतो.

आता तुम्ही म्हणाल की इंग्रजांच्या काळात असं नव्हतं, हे वाक्य मला प्रश्नाच्या पाठोपाठ येतंच. सीएसएमटीसमोरचं महापालिकेचं मुख्यालय बघा म्हणतात, १८८४ ला पायाभरणी आणि १८९३ ला बिल्डिंग उभी, समोरचं स्टेशन आणि ही, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची. किंवा हायकोर्ट. आता हायकोर्टाचे आकडे क्यूएस लोकांना पाठ असतात, मंजूर रक्कम १६,४७,१९६ रुपये, झालेला खर्च १६,४४,५२८, म्हणजे २,६६८ रुपये वाचवून दाखवले. १८७१ ते १८७८, सात वर्षं काम आणि एवढी नेमकी बचत, हॅट्स ऑफ. पण त्याच हायकोर्टात दगडात कोरलेलं एक माकड आहे, हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी, आणि अशी गोष्ट सांगतात की एका पारशी पोटठेकेदाराचे इंग्रज ठेकेदाराकडे पैसे राहिले, तो कोर्टात गेला, हरला, आणि मग त्याने कोर्टाच्याच भिंतीवर न्यायाधीश बसवून ठेवला. खरंखोटं देव जाणे. पण मला त्या २,६६८ रुपयांपेक्षा माकडात जास्त इंटरेस्ट आहे, कारण बिल न मिळालेला सबकॉन्ट्रॅक्टर मी रोज बघतो, फक्त आताच्यांना कोरीव काम येत नाही.

आणि इंग्रजांच्या काळात सगळीकडे बजेटमध्ये कामं होत होती असंही काही नाही बरं का. माझा भाचा टोरांटोला असतो, त्याने तिकडच्या जुन्या सिटी हॉलचा फोटो पाठवला होता. १८९९ ला उघडलं, सुरुवातीला ६ लाख डॉलर धरले होते आणि शेवटी २५ लाखांच्या वर गेले, कौन्सिल आणि आर्किटेक्ट लेनॉक्स यांचं इतकं वाजलं की त्याचं नाव बिल्डिंगवर लावायला नकार दिला, तर पठ्ठ्याने छपराच्या खाली चारी बाजूंनी एकेक अक्षर करून स्वतःचं नाव कोरून घेतलं. डेप्युटी साहेबांना फोटो दाखवला तर म्हणाले, बघा, आपल्याकडे आर्किटेक्ट निदान फोन तरी उचलत नाहीत.

तर खरी बचत कुठे झाली. कागदावर, खोदकामाच्या आधी, आणि ती इतकी कंटाळवाणी आहे की लग्नाच्या रांगेत सांगायला लागलं की माणसं भाजीकडे बघायला लागतात. एक उदाहरण देतो. आर्किटेक्टने मजल्याची उंची ४.२ मीटर धरली होती, आम्ही एसीचे डक्ट आणि बीम यांची ड्रॉइंग एकावर एक ठेवून बघितली तेव्हा लक्षात आलं की डक्टची वाट बदलली तर ३.९ मध्ये बसतंय. ३० सेंटीमीटर म्हणजे फूटभर पण धड नाही, असं वाटतं. सात मजले म्हणजे २.१ मीटर, बिल्डिंगचा घेर १४० मीटर, म्हणजे बाहेरची २९४ चौरस मीटर भिंत गायब, तिचं प्लास्टर गायब, रंग गायब, कॉलमची तेवढी लांबी, जिन्याच्या पायऱ्या, लिफ्टचा शाफ्ट, पाण्याचे पाइप, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तेवढी हवा थंड करायचं वीजबिल. कोणाचं काही कमी झालं नाही, कोणाला कळलं पण नाही.

तसंच दुसरं बेसमेंट. मुंबईत जमिनीखाली दुसरा मजला म्हणजे पाण्याशी कुस्ती, पावसाळ्यात रात्रंदिवस पंप, रिटेनिंग वॉल जाड, वॉटरप्रूफिंग डबल. ते काढलं आणि गाड्या स्टिल्टवर मेकॅनिकल पार्किंगमध्ये नेल्या, त्यावर चार महिने वाद झाला कारण साहेब लोकांच्या ड्रायव्हरना ते मशीन आवडत नाही. पश्चिमेची पूर्ण काच काढून छज्जे आणि जाळी केली, त्यावर तर पाच महिने, "कॉर्पोरेट लुक" पाहिजे म्हणे. अहो, स्टीव्हन्सला पण कळत होतं की इथे ऊन-पाऊस आहे, म्हणून खोल कमानी आणि व्हरांडे ठेवले. आतल्या भिंती विटांऐवजी एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या केल्या, वजन विटेच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे पायातलं स्टील पण थोडं उतरलं.

स्टीलवरून आठवलं, हे मात्र आवडीने ऐकतात लोक. सळईचं बिल होतं हिशोबाच्या वजनावर, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १६ एमएमची सळई मीटरला १.५८ किलो. पण कारखान्यातून येणारी सळई थोडी हलकी असू शकते, १६ एमएमला अधिक-उणे ५ टक्के कोडलाच, म्हणजे सळईच्या मानकालाच मान्य आहे. ठेकेदार विकत घेतो वजनकाट्यावर आणि बिल लावतो फॉर्म्युल्याने. ५०० टन बिल झालं आणि माल ४ टक्के हलका असेल तर २० टन स्टीलचे पैसे आपण हवेचे देतो, कायद्याने सगळं बरोबर. आमच्या करारात मी एक ओळ घालून घेतली होती, प्रत्यक्ष वजन आणि हिशोबाचं वजन यात जे कमी असेल ते धरायचं. त्या एका ओळीसाठी पुढे दीड वर्ष रात्री अकरा-बाराला ट्रक आला की काट्यावर मी. काटेवाला मला मामा म्हणायला लागला होता.

आणि मग काही गोष्टी तुमच्या हातातच नसतात. २०२२ च्या एप्रिलच्या आसपास स्टील असं चढलं की ठेकेदार रोज तोंड पाडून यायचा, मे मध्ये केंद्राने निर्यातीवर १५ टक्के ड्युटी लावली तेव्हा जरा उतरलं, नोव्हेंबरमध्ये ती काढली. त्याच वर्षी १८ जुलैपासून सरकारी बांधकामावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. ५० कोटींचं काम बाकी असेल तर एका तारखेने ३ कोटी वर, एक वीट पण न लावता. सुधारित प्रशासकीय मान्यता, आमच्या भाषेत सुप्रमा, तिची फाइल निघाली की पेपरवाले लिहिणार "खर्च वाढला", आणि घरी प्रश्न, काय खाल्लं का रे कोणी.

खिशाचं विचारता ना, तर आमच्या कामात तरी वाचलेला पैसा खिशापर्यंत पोचायच्या आधीच बिल्डिंगने खाल्ला. एकदा का मीटिंगमध्ये कळलं की शिल्लक आहे की प्रत्येकाला काहीतरी आठवतं. महापौरांच्या दालनाला इटालियन मार्बल, सभागृहाला वेगळी साउंड सिस्टीम, दारात कारंजं, ते सहा महिने चाललं आणि आता त्यात कुंड्या आहेत. मी नंतर नंतर बचतीचं पान मीटिंगच्या फाइलमध्ये लावायचंच बंद केलं, डेप्युटी साहेबांना तोंडी सांगायचो आणि ते पण इकडेतिकडे बघून ऐकायचे.

एक मात्र माझ्या माथी आहे आणि ते मी स्वतःहून सांगतो. शेवटच्या टप्प्यात पैसे कमी पडत होते तेव्हा गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा जाड थर, काढून त्याऐवजी नुसतं कोटिंग करायचं, हे मी सुचवलं. काही लाख वाचत होते, वर गच्चीचं वजन कमी, शीटवर फार सुंदर दिसत होतं. आमचा म्हातारा मुकादम म्हणाला, साहेब, कोबा राहू द्या, मुंबईचा पाऊस आहे. मी त्याला कंपनीचं माहितीपत्रक दाखवलं. पहिल्याच जुलैत सातव्या मजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये पाणी, नेमकं जन्म-मृत्यूच्या जुन्या रजिस्टरांवर. दोन दिवस क्लार्क बायका पंख्याखाली एकेक पान सुकवत बसल्या होत्या, मी पण बसलो, शाई पसरलेली, कोणाचातरी १९५८ चा जन्म हातात. एक बाई मला म्हणाल्या, सर, वर काय काम राहिलंय का? मी म्हटलं, हो, राहिलंय. पुढच्या उन्हाळ्यात कोबा घातला, वाचवले त्याच्या दुप्पट गेले, आणि ते पैसे दुरुस्तीच्या हेडखाली पडले त्यामुळे बांधकामाच्या हिशोबात माझी ती बचत अजून बचत म्हणूनच उभी आहे.

उद्घाटनाच्या आधी कोनशिलेचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. अठ्ठावीस ओळी, सगळी नावं, मान्यवर, सन्माननीय, शुभहस्ते. मी डेप्युटी साहेबांना म्हटलं, साहेब, खाली एक ओळ टाकू या का, मंजूर रक्कम इतकी, प्रत्यक्ष खर्च इतका, हायकोर्टाच्या हिशोबासारखी? ते हसले नाहीत, खरंच विचार केला त्यांनी. मग म्हणाले, "टाकली असती हो, पण फायनल बिल कुठे झालंय?"

बिल्डिंगमध्ये लोक दाखले काढायला लागून दोन वर्षं झाली. फायनल बिल अजून झालेलं नाही.